कडी लावून झोपणारं गाव

मुक्काम रीगा.
(तिथी कळायला मार्ग नाही. इथं चंद्र दिसत नाही, कारण अंधारच पडत नाही.)

तीर्थरूप सुभेदार मानसिंग दाजी यांच्या चरणी धाकटा मेव्हणा नाथाजी याचा नमस्कार. (चरण वडूजला आणि डोकं इथं, म्हणून लेकीच्या, अंकिताच्या टेबलावर डोकं टेकवून केला. टेबल थोडं हाललं. मी लगेच उठून उभा राहिलो. त्याबद्दल पुढं येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? अक्काची शुगर खाली आली का? वळीव झाला का, बाजरीचं रान तयार आहे का, का यंदाही ढग वडूजला वळसा घालून आमच्या कोयनानगरावरच ओतायला आले? आमच्याकडं एवढं पाणी पडतं की अर्धं तुम्हाला दिलं तरी कुणाची तक्रार नाही, पण तो वरचा ऐकत नाही. असो. मी इथं जिवंत आहे. खुशाल आहे असं लिहिणार होतो, पण तुम्हाला खोटं लिहिलेलं कळतं.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. दाजी, फोन केला की अक्का तो स्पीकरवर टाकते, आणि मग आळीतल्या सगळ्या बाया ओट्यावर येऊन बसतात. मागच्या आठवड्यात मी नुसतं "पोट बिघडलंय" म्हणालो तर तिघींनी तीन काढे सांगितले. आता लिहायचं आहे ते एकट्यानं वाचण्यासारखं आहे. म्हणून गोठ्यात जाऊन वाचा.

तुम्ही मला कशासाठी धाडलंय ते माझ्या पक्कं ध्यानात आहे. "नाथा, पोरीला संगं घेऊनच ये. नोकरीबिकरी ऱ्हाऊ दे म्हणावं तिकडं. धैर्यशीलसारखं स्थळ परत दारात येणार न्हाई," हे तुमचे शब्द, आणि तुमच्या मागं चौकटीला हात लावून मान डोलावणारी अक्का, दोन्ही माझ्या डोळ्यांपुढं आहेत. पाहुणे होकार देऊन तयार बसलेत हेही माहीत आहे. त्या विषयाकडं मी येतोच आहे. पण वाटेत जे झालं ते आधी सांगितल्याशिवाय तुम्हाला त्यातलं काही कळायचं नाही. हसू नका एवढीच विनंती.

अंकिताची ड्युटी रात्रीची. दवाखान्यातल्या मशिनी बंद पडल्या की त्या चालू करायच्या, असलं काम आहे. ती संध्याकाळी जाते आणि सकाळी येऊन झोपते. म्हणजे पहिल्याच रात्री मी तिसऱ्या मजल्यावर, लाकडी इमारतीत, एकटा. आता आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे. सदुसष्टच्या भूकंपात मी लहान होतो, आईनं मला उचलून बाहेर फेकलं म्हणून हे पत्र लिहितोय. तेव्हापासून आमच्यात रात्री दाराला कडी नाही. नुसतं दार लोटायचं, चपला तोंड बाहेर करून ठेवायच्या, उशाला बॅटरी, दाराशी पिशवी, आणि फळीवर तांब्यावर फुलपात्र पालथं. जमीन हलायच्या आधी फुलपात्र वाजतं. (तुम्ही आमच्याकडं राहायला आलात की त्या फुलपात्राला हसता. पण एकदा तुम्ही असताना ते वाजलं तेव्हा सगळ्यात आधी अंगणात कोण होतं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.) तर तांब्या-फुलपात्र मी संगं आणलं होतं. फळीवर मांडलं, दार उघडं टाकलं, आणि माकडटोपी घालून बसलो. समोरच्या खोलीतला म्हातारा आला, त्यानं दार लावलं. मी उघडलं. त्यानं लावलं. मी उघडलं. शेवटी त्यानं अंकिताला फोन केला की तुझ्याकडं कुणी माणूस शिरलाय आणि तो दार लावू देत नाही.

दुसऱ्या दिवशी पोरीनं डोकं धरलं. "आबा, तुमी दिवसभर भाईर फिरून दमून या, म्हंजी झोप तरी लागंल," म्हणाली, आणि मला शहर दाखवायला तिनं प्रायव्हेट गाईड ठरवून टाकला. मला आधी बरं वाटलं. गाईड म्हणजे आपल्या प्रतापगडावर असतो तसा: पन्नास माणसं गोळा करायची, तो पुढं घसा फोडणार, आपण मागं शेंगा खात तटाच्या कडेला न जाता ऐकणार. पण प्रायव्हेट म्हणजे माणसं नाहीतच. एवढं थोरलं जुनं बंदर, दगडी रस्ते, बुरूज, देवळांचे मनोरे, आणि ते बघायला एकटा मी. दाजी, गर्दीत भ्यायला सोपं असतं हो. चारचौघात मिसळून भिता येतं. इथं भ्यायलाही मी एकटाच, आणि वर ते बघायला एक माणूस मुद्दाम ठरवलेला.

आणि तो माणूस म्हणजे बाई निघाली. नाव इल्झे. साठी उलटलेली, काठीसारखी सरळ, केस पांढरे, हातात लाल छत्री (पाऊस नव्हता), आणि चाल तुमच्या परेडची. तिचं इंग्रजी शाळेतलं आणि माझं वीजघरातलं. मला व्हॉल्व्ह, शटडाऊन, ट्रिपिंग एवढं चांगलं येतं, बाकीचं अंदाजानं. पण बाई सावकाश बोलायची, त्यामुळं भीती वाटण्यापुरतं सगळं कळलं.

आता परक्या बाईच्या बरोबरीनं भर रस्त्यात चालणं आपल्यात दिसतं का? उद्या कुणी फोटो काढला, तो फिरत फिरत वडूजला गेला, तर अक्का काय म्हणेल? म्हणून मी आपला अंतर राखून मागनं चाललो. बाई थांबली की मी थांबायचो आणि इमारतीकडं बघायचो. बाई चालली की मी चालायचो. बाईनं मागं वळून हाक मारली की मी मानेनं "तुमी व्हा फुडं" असं करायचो. दोन गल्ल्या अशा गेल्या. तिसरीत एका पोलिसानं हे बघितलं. उन्हाळ्यात माकडटोपी घातलेला माणूस एका बाईच्या मागं मागं चाललाय, ती थांबली की थांबतोय! त्यानं मला भिंतीशी उभं केलं. मराठी फुटेना तिथं इंग्रजी कुठलं? नुसतं "पॉवर हाऊस, रिटायर" एवढंच म्हणत राहिलो. इल्झेबाईंनी येऊन त्याला काय सांगितलं देव जाणे, तो हसत गेला. मग बाईंनी छत्रीचा दांडा जमिनीवर आपटून मला शेजारची जागा दाखवली. त्यानंतर मी बरोबरीनंच चाललो. (हे अक्काला सांगू नका. फोटो आलाच तर ती डॉक्टरीण आहे म्हणा.)

पुढं जे दाखवलं ते सगळं जिवाला घोर लावणारंच. एक जुनी वेस आहे, तिच्यावर एक खिडकी. तिथं म्हणे पूर्वी फाशी देणारा राहायचा, आणि ज्या दिवशी काम असेल त्या सकाळी तो खिडकीत लाल गुलाब ठेवायचा. गोष्ट आहे, खरीखोटी ठाऊक नाही, असं बाई म्हणाल्या. पण दाजी, ह्या गावात लोकांना फुलांचा भारी नाद. त्यानंतर प्रत्येक दुसऱ्या खिडकीत मला लाल काहीतरी दिसायला लागलं आणि मी रस्त्याच्या मधोमध चालायला लागलो. तसंही मी मधूनच चालतो. भिंती पडतात त्या कडेला पडतात. मग एका घराच्या शिखरावर काळं मांजर, पाठ उंचावून, शेपूट ताठ. ते एका व्यापाऱ्यानं रागानं बसवलंय, पलीकडच्या मंडळींना शेपूट दाखवायला. मला राग-लोभ नंतर दिसला, आधी दिसलं की एवढं जड लोखंड नुसतं टोकावर बसवलंय. मी बाईंना विचारलं, खाली बोल्ट किती आहेत? बाईंना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

मनोऱ्यावर लिफ्टनं जायचं म्हणाल्या. मी हात जोडले. कोयनेचा माणूस जिना असताना लिफ्टमध्ये शिरत नाही. जिना नव्हता. मग डोळे मिटून, मारुतीचं नाव घेत गेलो. वरनं बाईंनी नदी दाखवली, पलीकडं धुरकट समुद्र, बंदरातल्या क्रेना. शेकडो वर्षं इथनं मीठ, मेण, लाकूड जहाजांत चढलं म्हणे. मी कठड्याला पाठ लावून सगळं ऐकून घेतलं. बघितलं थोडंच. तरी सांगतो दाजी, वारा चांगला होता, आणि सगळी कौलं जागच्या जागी होती. आपल्याकडं एवढ्या जुन्या घराच्या भिंतीत कुठंतरी भेग असते, तिला सिमेंटचं ठिगळ असतं. इथं मी भेग शोधत होतो. ती सापडेना, त्याचीही भीतीच वाटली.

आता मुख्य ते. दुपारी बाई मला मोठ्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. आत गार, अंधारं, लाकडी बाकं, आणि भिंतभर उंच नळ्यांचा बाजा. आपल्या भजनाच्या पेटीचा आजा म्हणा, पण दोन मजली. लोक गप्प बसलेले, बहुतेक म्हातारे परदेशी प्रवासी. मी दाराजवळचं बाक धरलं (सवय). वाजवायला सुरुवात झाली. आधी बारीक, गोड. डोळा लागायला आला होता. आणि मग, दाजी, पायाखालनं आलं. कानाला नाही, तळव्याला. घुर्रर्र. बाक थरथरलं, माझ्या मांडीवरची टोपी थरथरली, छातीत धडधडलं. सदुसष्टला आलं ते असंच खालनं आलं होतं. मी विचार केला नाही. कोयनेचा माणूस त्या वेळी विचार करत बसत नाही, बसला तर राहत नाही. मी उठलो आणि बेंबीच्या देठापासनं ओरडलो, "पळा! भाईर पळा! भिताडाजवळ थांबू नगा!" आणि सकाळी जिच्या शेजारनं चालायला लाजत होतो त्या बाईचं मनगट धरून तिला ओढत दारातनं बाहेर काढलं.

ओरडण्याला भाषा लागत नाही हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या मागनं निम्मं चर्च बाहेर आलं. काठ्या टेकत, टोप्या धरत, एक आजीबाई तर चाकाच्या खुर्चीतनं, आणि त्या सगळ्यांच्या पुढं. मी काय करणार? कॉलनीत शिकवलंय तेच केलं. सगळ्यांना चौकाच्या मधोमध नेलं, भिंतींपासनं लांब, तारांपासनं लांब, आणि खाली बसवलं. बसले हो! जर्मन का कोण, सुटाबुटातला माणूस उकिडवा बसला. मी माणसं मोजली. मग आम्ही सगळे बसून दुसऱ्या धक्क्याची वाट बघायला लागलो. धक्का आला नाही. आतनं बाजा वाजतच होता. बाहेर ऊन पडलं होतं, कबुतरं निवांत फिरत होती. जमीन हलली तर कबुतर खाली बसत नाही, दाजी.

मग चर्चचा माणूस आला, पाठोपाठ एक वर्दीवाला आला (सकाळचाच, त्यानं मला ओळखलं), आणि इल्झेबाईंनी सगळ्यांना समजावलं की हे गृहस्थ जिथनं आलेत तिथं जमीन हलते. त्या सुटाबुटातल्या माणसानं माझा हात हातात घेऊन हलवला. आजीबाईंनी गोळी दिली, पेपरमिंटची. लाजेनं मला मेल्यासारखं झालं. एवढ्या सगळ्या भित्र्या दिवसात रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. मी तिथंच चौकात बसून रडलो. साठी उलटलेला माणूस. तुम्हाला हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

बाई शेजारी बसल्या. कॉफी आणली. मी विचारलं, तुमच्यात धक्के कधी येतात? त्या म्हणाल्या, मला आठवतं तसं इथं कधी आलेला नाही. मी म्हटलं, मग रात्री तुम्ही दाराशी काय ठेवता? त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, माझी आई ठेवायची. त्यांच्या आईच्या लहानपणी पहाटे सरकारी शिपायांचे ट्रक आले होते, आणि घरंच्या घरं उचलून सैबेरियाला नेली. भांडंकुंडं घ्यायलाही वेळ दिला नाही. आई कित्येक वर्षांनी परत आली, तिचं लग्न झालं, राज्यं बदलली, तरी दाराशी गाठोडं बांधलेलंच. मी विचारलं, काय होतं त्यात? वाळवलेली भाकरी, लोकरीचे मोजे. मी म्हटलं, आमच्यात बिस्किटं आणि बॅटरी. त्या म्हणाल्या, काडेपेटी. मी म्हटलं, ती आमच्यातही, प्लास्टिकात गुंडाळून. असं आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांचं गाठोडं सोडत बसलो. कुणी बघितलं असतं तर सोयरीक जुळवताना मानपान ठरवतायत असं वाटलं असतं. शेवटी बाई म्हणाल्या, आई गेल्यावर गाठोडं सोडलं, त्यात तळाला एक कोट होता. माझा. मी शाळेत जायला लागले तेव्हाच्या मापाचा. आणि मी तेव्हा आजी झालेली.

दाजी, आमच्या दाराशी जी पिशवी आहे ना, तिच्यात अंकिताचं बालवाडीतलं स्वेटर अजून आहे. पिवळं. अक्कानंच विणलेलं.

घरी आलो तर दार बंद. वाजवलं, पुन्हा वाजवलं. पोरीनं अर्धवट झोपेत कडी काढली, "आलासा आबा?" म्हणाली, मला आत घेतलं, पुन्हा कडी घातली आणि जाऊन झोपली. कडी, दाजी. ही पोर लहानपणी चपला दाराकडं तोंड करून ठेवल्याशिवाय डोळा मिटायची नाही. परीक्षेचा अभ्यास एका कानानं करायची, दुसरा कान फुलपात्राला. ताटावर ताट आदळलं तरी तिचा घास हातात थांबायचा. आता बघतो तर एक चप्पल टेबलाखाली, दुसरी खिडकीशी. उशाला बॅटरी नाही. डोक्यावरच्या फळीवर काचेच्या बरण्या, लोणच्याच्या! आणि ती उताणी झोपलेली, तोंड उघडं टाकून. माझी पोर अशी झोपलेली मी जन्मात बघितली नव्हती.

मी काय बोलायचं ते विमानात पाठ केलं होतं. "चल पोरी घरी, पाव्हणं यायचं हायत." खुर्ची ओढून पायाशी बसलो, ती उठली की बोलायचं म्हणून. धैर्यशील तुमच्या वडूजचाच, आणि वडूजला जमीन हलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिथं ती माझी लेक म्हणून येईल, अक्कानं सांगितलं म्हणून येईल, आणि पहिल्या रात्रीच चपलांचं तोंड दाराकडं करील. मला ते दिसलं.

मी तिला उठवलं नाही.

बाकी सगळं ठीक. तुम्ही गुडघ्याला तेल लावत जा, अक्काला साखरेचा चहा चोरून पिऊ देऊ नका, आणि बांधावरच्या बाभळीचा तो जुना वाद माझ्या नावानं मिटवून टाका.

तुमचा भित्रा पण आज्ञाधारक (हा शब्द खोडणार होतो),
नाथाजी

ता. क. – धैर्यशीलच्या मंडळींना नको म्हणून कळवा. पोरगा चांगला आहे, त्याचा काही दोष नाही. मुलीच्या बापाच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणालात तरी चालेल, साक्षीला इथं एक चौक भरून माणसं आहेत. अंकिताच्या आईला, संयोगिताला मी फोनवर सांगितलं. ती फक्त "बरं झालं" म्हणाली आणि मग दोघांनीही फोन धरून ठेवला.

आणखी ता. क. – अक्काला तुम्ही सांगायचं. पत्र लिहायचं खरं कारण हेच. हे माझ्या आधी पोचलं नाही तर मी साताऱ्याच्या स्टँडवर थांबेन, तुमचा निरोप आल्याशिवाय वडूजची गाडी धरणार नाही. "मी सुभेदार, मला कशाचं भ्या?" असं तुम्ही म्हणाल. सरहद्दीवर तुम्ही काय केलंत ते मी ऐकलंय. पण अक्का भांडी आपटायला लागली की अनवाणी गोठ्याकडं जाताना तुम्हाला मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा अंगणात, भिंतीपासनं लांब बसवून सांगा.

शेवटचा ता. क. – एवढं लिहून होतंय तोच आत्ता तांब्यावरचं फुलपात्र वाजलं. मी पेन टाकून दाराकडं पळालो. कडी निघेना. मागनं अंकिता झोपेतच म्हणाली, "आवं आबा, ट्राम हाय ती. झोपा." आणि कूस बदलून परत घोरायला लागली. मी फुलपात्र उतरवून ठेवलं.

दाजी, अक्काला एवढाच शेवटचा भाग वाचून दाखवा. वरचं नको.